रानटर्की: छाती वेगळी शिजवा, तंगडी वेगळी

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात गेलं तर फ्रीझर टर्कींनी ओसंडून वाहत असतात, पण त्यात रानटर्की एकही नसते. ती विकत मिळतच नाही. शिकार केलेल्या रानपक्ष्याचं मांस विकायला तिथल्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे 'वाइल्ड टर्की' हे नाव दुकानात दिसतं ते केंटकीच्या बर्बन व्हिस्कीच्या बाटलीवर. मांस हवं असेल तर परवाना काढून स्वतः पहाटे रानात जाऊन बसायचं, नाहीतर एखाद्या शिकारी शेजाऱ्याशी चांगले संबंध ठेवायचे. पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिसुरी, टेक्सस इकडच्या मराठी घरांत ती येते ती बहुतेक दुसऱ्या वाटेने. ऑफिसातला कुणीतरी मे महिन्यात पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, दगडासारखं गोठलेलं पुडकं हातात ठेवतो आणि 'ओव्हनमध्ये टाका' म्हणतो.

हा सल्ला ऐकू नये. आख्खी रानटर्की ओव्हनमध्ये भाजणं हा तिचा सत्यानाश करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. छाती शिजते तेव्हा तंगडी कच्चीच असते आणि तंगडी दाताला लागण्याजोगी होईपर्यंत छातीचा भुसा झालेला असतो. दुकानातल्या टर्कीतही ही अडचण असतेच, पण तिथे वय कोवळं, चरबी भरपूर आणि मांसात कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं, त्यामुळे झाकलं जातं. पाकिटावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. रानटर्कीला यातलं काहीच नाही. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या टर्कीच्या सणाच्या, जाहिरातीतलं ते सोनेरी चित्र डोक्यातून काढून टाकलं आणि हे एका पक्ष्यातलं दोन जातींचं मांस आहे असं धरून चाललं की पुढचं सगळं सोपं होतं.

रानातला आणि दुकानातला हे दोन पक्षी एकाच जातीचे असले तरी त्यांचा प्रवास वेगळा आहे. मेक्सिकोतल्या लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी टर्की माणसाळवली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि पुढे वसाहती करायला निघालेल्या इंग्रजांनी ती समुद्र ओलांडून परत अमेरिकेत आणली. दुकानातली पांढऱ्या पिसांची, छातीच्या भाराने डुलत चालणारी टर्की ही त्या वंशातली. त्याच वंशातला एक नर पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे गोव्यात पोचला होता. जहांगीर बादशहाने आपला सरदार मुकर्रब खान याला गोव्याला पाठवून नवलाईच्या वस्तू आणवल्या, त्यात १६१२ मध्ये हा पक्षी दरबारात आला. त्याच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात हे बादशहाने आठवणींत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्याला टर्की चारशे वर्षांपासून ठाऊक आहे, पण पाळलेली.

रानातली मात्र अमेरिकेतच राहिली आणि जवळजवळ संपली. जंगलं तोडली गेली, बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली आणि १९२० पर्यंत मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून ती नाहीशी झाली. पाळलेल्या टर्की रानात सोडून पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत. १९५० च्या दशकात दाण्याच्या आमिषावर जमलेल्या खऱ्या रानटर्कींच्या थव्यावर तोफेने जाळं उडवून त्यांना पकडायची आणि दुसऱ्या राज्यात नेऊन सोडायची युक्ती सापडली, तिने काम केलं. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत त्या आहेत, साठ लाखांच्या आसपास. विक्रीवरची बंदी अजून कडक का आहे, हे त्यावरून कळतं.

आता मांसाकडे. दुकानातली टर्की १४ ते २० आठवड्यांची असते. वसंतात मारलेला रानटर्कीचा नर दोन-तीन वर्षांचा, कधी चार वर्षांचा असतो आणि तो दिवसभर चाललेला असतो. धोका दिसला तर ही पाखरं आधी पळतात, फारच जवळ आलं तर उडतात, आणि उडतात तीही थोडंच. त्यामुळे तंगड्या आणि मांड्या सतत राबलेल्या, गडद, चिवट धाग्यांच्या. छातीचे स्नायू मात्र क्षणभराच्या झेपेपुरते वापरलेले, फिकट आणि बारीक धाग्यांचे. छातीत चरबी नसल्यात जमा. चिवट मांस मऊ करायला लागतं लांबलचक ओलं शिजवणं आणि बिनचरबीच्या मांसाला तेच मारक. सगळा पेच एवढाच आहे.

वय ओळखायला पायामागचा काटा बघावा. काटा सव्वा सेंटिमीटरहून कमी, नुसता गोल उंचवटा असेल तर तो वर्षाचा नर, शिकारी त्याला 'जेक' म्हणतात. सव्वा ते सव्वादोन सेंटिमीटर असेल तर दोन वर्षांचा. अडीचच्या वर, वाकडा आणि टोकदार असेल तर तीन किंवा जास्त. छातीवरून लोंबणारी केसांसारखी दाढी वयाची खूण म्हणून सांगतात, पण ती जमिनीला घासून झिजते, तुटते, तिच्यावर विसंबू नये. काटा खोटं बोलत नाही. शिवाय स्वयंपाकाच्या दृष्टीने तो थेट घड्याळाचं काम करतो: जेकच्या तंगड्या मंद आचेवर दोन तासांत होतात, दोन वर्षांच्या नराला तीन आणि लांब काट्याच्या म्हाताऱ्याला चार तास लागतात. मादी लहान असते, साधारण चार किलोची, आणि तिचं मांस सगळ्यांत चांगलं. पण वसंतात बहुतेक राज्यांत फक्त नर मारायची परवानगी असते, मादी शरद ऋतूतल्या शिकारीत कुठे कुठे मिळते.

मांस चांगलं की वाईट हे निम्मं रानातच ठरतं. एप्रिल-मे मध्ये दुपारपर्यंत ऊन चढतं आणि पिसांच्या आत पक्षी गरमच राहतो. म्हणून आतडी लगेच काढायची, पोकळीत बर्फाची बंद पिशवी ठेवायची आणि शक्य तितक्या लवकर ४ अंश सेल्सिअसखाली न्यायचं (पुढचे सगळे अंशही सेल्सिअसच). आतडं फाटलेलं असेल तर तिथला भाग कापून टाकायचा, नुसता धुऊन भागत नाही. गळ्याच्या बुडाशी, छातीच्या वरच्या टोकाला दाण्याची पिशवी असते. ती फोडू नये, बोटांनी सोडवून आख्खी काढावी. आत ओकची फळं, क्लोव्हरची पानं, नाकतोडे, मक्याचे दाणे, काय काय निघतं. फुटली तर ते आंबूस पाणी छातीवर उतरतं आणि वास जाता जात नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. विणीच्या हंगामात प्रौढ नराच्या छातीच्या वरच्या भागावर पिवळसर, स्पंजासारखा चरबीचा जाड थर जमतो. या दिवसांत तो खाणं जवळजवळ सोडून माद्यांच्या मागे हिंडतो आणि या साठ्यावर जगतो. हंगामाच्या शेवटी हा थर पातळ झालेला असतो. दिसायला ती चांगली चरबी वाटते आणि बिनचरबीच्या पक्ष्यात ती राखून ठेवायचा मोह होतो. राखू नये. तापल्यावर तिला खवट वास येतो आणि तो सगळ्या भांड्यात पसरतो. 'रानटर्कीला उग्र वास मारतो' अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याचदा हा थर किंवा उशिरा साफ केलेलं पोट असतं. नीट काढलेल्या, नीट गार केलेल्या रानटर्कीला वास नसतो, चव मात्र दुकानातल्या टर्कीपेक्षा दाट असते.

मारल्यावर काही तासांत शरीर ताठ होतं आणि मग हळूहळू सैल पडतं. सैल पडण्याआधीच फ्रीझरमध्ये टाकलेलं मांस वितळताना आकसतं आणि कितीही शिजवलं तरी रबरासारखं राहतं. फ्रिजमध्ये १ ते ४ अंशांवर निदान एक दिवस, तीन दिवस ठेवलं तर उत्तम, आणि मगच गोठवावं. शिकारीहून परत आल्यावर थकलेला माणूस सरळ फ्रीझरचं दार उघडतो, हे आपण बदलू शकत नाही, पण आधी सांगून ठेवू शकतो.

पुडकं उघडल्यावर पहिलं काम छर्रे शोधण्याचं. शिकारी डोक्या-मानेवर नेम धरतात, त्यामुळे छाती बहुधा वाचते, पण कडेचे दोन-चार छर्रे छातीच्या वरच्या भागात किंवा पंखाच्या मुळाशी सापडतातच. मांसात काळपट लाल ठिपका दिसला की तिथे सुरीचं टोक घालून बघावं. छर्रा आत जाताना बरोबर एखादं पीस ओढून नेतो. पीस सापडलं तर त्या भोकाच्या शेवटपर्यंत जावं, तिथे छर्रा असतो. लोहचुंबक फिरवायची युक्ती पोलादी छर्ऱ्यांपुरती, शिसं त्याला दाद देत नाही. शिशाचा छर्रा असेल तर भोवतालचं बोटभर मांसही काढून टाकावं, कारण शिशाचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. हल्ली टंगस्टनचे फार बारीक छर्रे वापरतात, ते मोहरीएवढे आणि पोलादाहून कठीण. घास तोंडात गेल्यावर कळलं तर दातांच्या डॉक्टरकडे जावं लागेल.

सोलायचं की पिसं उपटायची? आख्खी भाजायची नाही हे ठरलं की पिसं उपटण्याचा खटाटोप करायचं कारण उरत नाही. त्वचा हवीच असेल तर ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवून उपटावीत. पाणी त्याहून गरम असलं तर त्वचा शिजते आणि पिसाबरोबर फाटून येते. नाहीतर कातडी सोलून टाका, काही बिघडत नाही.

छातीच्या मधल्या हाडाला लागून सुरी चालवली की दोन्ही बाजू आख्ख्या सुटून येतात. नऊ किलोच्या नरातून बिनहाडाची छाती साधारण दोन किलो निघते. प्रत्येक बाजूच्या आतल्या अंगाला एक लांबट वेगळी पट्टी असते, ती हातानेच सुटते. तिच्यातून पांढरी चकचकीत शीर जाते. शिरेचं टोक कागदी रुमालाने चिमटीत धरून सुरीची पाठ मांसावर दाबत ओढली की ती सबंध निघते. ही पट्टी पक्ष्यातली सर्वांत मऊ चीज. पाहुण्यांसाठी ठेवू नये, स्वयंपाक करणाऱ्याने खावी.

छातीला मीठ आधी लावायला हवं, हा एक नियम मोडू नये. १ किलो मांसाला १५ ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे अडीच चमचे, सगळीकडून चोळून फ्रिजमध्ये १२ ते २४ तास. मीठ मांसातली प्रथिनं थोडी सैल करतं, ती तापल्यावर कमी आकसतात आणि पाणी धरून ठेवतात. अमेरिकेत घरोघर असलेलं जाडं कोशर मीठ चमच्याने मोजलं तर वजनात बरंच कमी, कधी निम्मंच भरतं, म्हणून वजनकाटाच वापरावा. मिठाच्या पाण्यात बुडवायचं असेल तर १ लिटरला ६० ग्रॅम मीठ आणि ८ ते १० तास, त्याहून जास्त ठेवलं तर मांस हॅमसारखं घट्ट आणि खारट होतं. दही चालतं, छान चालतं: पाण्याचा निथळ काढलेलं दही, आलं-लसूण, हळद, तिखट, चार ते सहा तास. लिंबू आणि व्हिनेगर मात्र आधी लावू नये. चरबी नसलेल्या मांसाचा वरचा थर आंबटाने पिठूळ होतो आणि आतपर्यंत काही पोचत नाही. लिंबू ताटात पिळावं.

छातीचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे पातळ काप. मांस अर्धवट गोठलेलं असताना, धाग्यांच्या आडवं, एक सेंटिमीटर जाडीचे काप काढायचे. छातीत धागे सरळ रेषेत जात नाहीत, पंख्यासारखे पसरतात, म्हणून दोन-तीन काप झाले की मांस फिरवून पुन्हा दिशा बघावी लागते. काप प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने अर्धा सेंटिमीटरपर्यंत ठोकायचे. बत्त्याने ठोकलं तर भोकं पडतात. मग कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण यांचं घट्ट हिरवं वाटण लावून, वर बारीक रवा आणि तांदळाचं पीठ समप्रमाणात, जसा बोंबील किंवा सुरमईला लावतो तसा. तवा चांगला तापवून, तेल सढळ हाताने, एका बाजूला दोन मिनिटं आणि दुसऱ्या बाजूला दीड. रवा तांबूस होईपर्यंत आतलं मांस शिजलेलं असतं आणि कोरडं पडायला वेळच मिळालेला नसतो. दक्षिणेकडची अमेरिकन मंडळी हेच काप ताकात भिजवून, मैद्यात घोळवून १७५ अंशांच्या तेलात तळतात. तत्त्व तेच. तव्यावर गर्दी केली की तेल गार पडतं, पाणी सुटतं आणि काप तळण्याऐवजी उकडले जातात.

आख्खी बाजू भाजायचीच असेल तर ओव्हन १३५ अंशांवर, वरून तूप किंवा लोणी, आणि सर्वांत जाड भागात थर्मामीटर. अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा पोल्ट्रीसाठी ७४ अंश आहे. ७१ ला बाहेर काढून फॉइलखाली दहा मिनिटं ठेवली तर आतली उष्णता उरलेले अंश चढवते. चढले की नाही हे थर्मामीटरनेच बघून घ्यावं. ८० च्या पुढे गेली तर ग्रेव्ही ओतून उपयोग नाही. भुसा ओला होतो, मऊ होत नाही. थर्मामीटर नसेल तर आख्खी बाजू भाजायच्या भानगडीत पडू नये, काप करावेत. छातीचे चौकोनी तुकडे करून रश्श्यात उकळत ठेवण्याची चूक तर आपल्या घरांत हमखास होते, कारण हाताला कोंबडीची सवय असते. अर्ध्या तासात ते तुकडे खोडरबर होतात. रश्श्यासाठी तंगड्या आहेत.

आणि तंगड्यांच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर अमेरिकन स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी पुढे आहे, हे मी बिनधास्त लिहितो. कित्येक शिकारी फक्त छाती काढतात आणि बाकीचा पक्षी टाकून देतात, कारण तंगड्या ओव्हनमध्ये भाजून बघितल्या आणि चावल्या नाहीत. जत्रेत आणि थीम पार्कात लोक हातात धरून खातात त्या भल्यामोठ्या टर्कीच्या तंगड्या पाळलेल्या पक्ष्याच्या, मिठात मुरवलेल्या आणि धुरावलेल्या असतात. रानातल्या तंगडीकडून तशी अपेक्षा ठेवून चालत नाही. पण दोन वर्षांचा गावरान कोंबडा ज्या घरात शिजला आहे, त्या घरात रानटर्कीची तंगडी म्हणजे ओळखीचंच काम. आधी अळणी, म्हणजे मांस शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, मग रस्सा.

तंगडीच्या खालच्या भागात, नळीभोवती, काड्यांसारख्या कडक कंडरा असतात. टर्कीत त्या वयाबरोबर हाडासारख्या होतात आणि कितीही शिजवलं तरी विरघळत नाहीत. कच्च्या मांसातून त्या काढायच्या मागे लागू नये, निम्मं मांस त्यांच्याबरोबर जातं. शिजल्यावर त्या मांसातून सहज वेगळ्या होतात. मांडी आणि तंगडी सांध्यात सुरी घालून वेगळ्या कराव्यात. नराच्या दोन मांड्या आणि दोन तंगड्या हाडांसकट पावणेदोन-दोन किलो भरतात.

एवढ्या मांसाला दोन चमचे हळद, तीन चमचे मीठ, तीन मोठे चमचे आलं-लसूण-कोथिंबिरीची गोळी लावून अर्धा तास ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, एक उभा चिरलेला कांदा, दोन तमालपत्रं, चार लवंगा, आठ मिरी. त्यावर मांस परतून पाणी सुटू द्या, ते आटू द्या, मगच अडीच लिटर उकळतं पाणी घाला. गार पाणी घालू नका. झाकण ठेवून इतक्या मंद आचेवर ठेवा की वर एखाद-दुसरा बुडबुडा येत राहील. खदखदा उकळलं तर बाहेरचे धागे सुटून सुतासारखे होतात आणि सांध्याजवळचा भाग तसाच चिवट राहतो. पायामागच्या काट्यावरून वेळ ठरवलीच आहे. मांडीचं हाड हलवलं की मांसातून फिरलं पाहिजे. कुकर वापरायचा तर पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून ४५ ते ५० मिनिटं, इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये हाय प्रेशरवर तासभर. दोन्हीत वाफ आपोआप जाऊ द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढली तर पाणी एकदम उसळतं आणि मांसातला रस बाहेर पडतो.

शिजल्यावर मांस बाहेर काढून कोमट होऊ द्या आणि तंगड्यांतल्या कंडरा ओढून काढा. एका तंगडीत दहाएक तरी निघतात, त्यातल्या काही दातकोरण्यासारख्या टोकदार. घरात लहान मुलं असतील तर हे काम दोनदा करा. मांस मोठ्या तुकड्यांतच ठेवा.

वाटणाला दोन मोठे कांदे तेलात काळसर होईपर्यंत, ६० ग्रॅम सुकं खोबरं कोरडं भाजून, प्रत्येकी एक मोठा चमचा तीळ आणि खसखस, दहा-बारा लसूणपाकळ्या. अमेरिकन दुकानातलं खोबऱ्याच्या किसाचं पाकीट घेताना उलटून बघावं, तिथे बेकिंगसाठी साखर घातलेलं खोबरं सर्रास मिळतं आणि तांबड्या रश्श्यात ते गेलं की काही इलाज नाही. आता खरी मेख. गावरान कोंबडीच्या रश्श्यावर जो तवंग येतो, त्यात तिची स्वतःची पिवळी चरबी असते. रानटर्की तसं काही देत नाही. कोंबडीच्या हिशेबाने दोन पळ्या तेल घातलं तर रस्सा पाणचट, लालसर डाळीसारखा दिसतो आणि मसाल्याची चव जिभेवर टिकत नाही. दोन किलो मांसाला १०० मिलिलिटर तेल घ्या आणि ते मोजताना हात आखडू नका. त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतून, तीन-चार मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घालून पाव मिनिट, आणि लगेच पळीभर अळणी. मसाला तेलात जळला तर कडवट होतो आणि काळा पडतो. मग मांस, बाकीची अळणी, दहा मिनिटं मंद उकळी. भाकरी तिथे ज्वारीच्या पिठाची जमली तर उत्तम, नाहीतर भात.

हे आपलं काहीतरी उपरं लादणं आहे असं वाटत असेल तर मेक्सिकोकडे बघावं. ज्या देशात टर्की माणसाळली तिथे ती आधी पाण्यात उकडतात आणि मग मोलेत सोडतात. मोले म्हणजे भाजलेल्या सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले यांचं दाट वाटण, पुएब्लाच्या प्रसिद्ध मोलेत थोडं चॉकलेटही. तिथल्या स्वयंपाकिणीला कोल्हापूरचा पाटा-वरवंटा दाखवला तर ती लगेच बसेल.

कलेजी-पेटा शिकाऱ्याने ठेवला असेल तर भाग्य समजावं. पेटा चिरून आतले खडे काढायचे, पिवळं चामड्यासारखं अस्तर नखाने सोलायचं आणि तंगड्यांबरोबर अळणीत तासभर शिजवून मग काळ्या मसाल्यात सुका करायचा. कलेजी आधी उजेडात बघावी. तिच्यावर पिवळट-पांढरे गोल चट्टे असतील, तर तो टर्कींना होणाऱ्या 'ब्लॅकहेड' रोगाचा संशय. हा रोग माणसाला होत नाही, तरी असा पक्षी खाऊ नये आणि वन्यजीव खात्याला कळवावं. मुळात सुस्त, मान टाकलेला पक्षी मारलेलाच नसावा.

पंख, मान आणि छातीचा सांगाडा यांचा स्टॉक करावा. सांगाडा कुऱ्हाडीने नाही तर कात्रीने तोडावा, म्हणजे हाडांचे कपचे पडत नाहीत. चार-पाच तास मंद आचेवर, मीठ न घालता, गाळून निम्मा आटवला की त्यावर पांढरा रस्सा सुरेख होतो: काजू, खसखस, तीळ यांची गंधासारखी पेस्ट, शेवटी नारळाचं दूध आणि त्यानंतर उकळी नाही, नाहीतर फाटतो. रानटर्कीचा स्टॉक कोंबडीपेक्षा गडद असतो, पांढरा रस्सा किंचित करडा दिसतो. चवीत फरक नाही, पण फोटो काढणाऱ्यांची निराशा होते.

गोठवलेलं मांस फ्रिजमध्येच वितळवावं, एका बाजूच्या छातीला २४ तास धरावेत. ओट्यावर ठेवलं तर आतलं गोठलेलं असतानाच बाहेरचं धोक्याच्या तापमानात जातं. हवा काढून पॅक केलेली छाती वर्षभर चांगली राहते, नुसत्या कागदातली चार-सहा महिन्यांत कडांना पांढरी, कोरडी पडते. त्या कडा कापून टाकाव्यात, त्यांना लाकडाची चव असते.

ज्याच्याकडून मांस मिळतं त्याच्याशी हंगामाआधी, मार्चमध्येच, बोलून ठेवावं. फ्लोरिडात हंगाम मार्चच्या सुरुवातीला उघडतो, उत्तरेकडे एप्रिलच्या शेवटी किंवा मे मध्ये. त्याला सांगायचं की छाती तुम्ही ठेवलीत तरी चालेल, आम्हाला तंगड्या, मांड्या, पंख आणि पेटा द्या. तो खूश होईल, कारण नाहीतरी त्याचं काय करायचं हे त्याला कळत नसतं. सोललेलं चालेल, गोठवायच्या आधी एक दिवस फ्रिजमध्ये ठेव, आणि पुडक्यावर तारखेबरोबर काट्याची लांबी लिही. काही राज्यांत भेट दिलेल्या शिकारीच्या मांसाबरोबर शिकाऱ्याचं नाव आणि परवान्याचा तपशील लिहिलेली चिठ्ठी लागते, तीही मागून घ्यावी आणि मांस संपेपर्यंत पुडक्याबरोबरच ठेवावी.